खैरलांजीची बातमी नागपूरला उशिरा का पोहोचली? वार्तांकनाचा एक प्रकरण अभ्यास

२९ सप्टेंबर २००६, शुक्रवार. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात संध्याकाळी जमाव भोतमांगे कुटुंबाच्या घरावर चालून गेला. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना मारून मृतदेह कालव्यात टाकले गेले. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे वाचले. दुसऱ्या दिवशी प्रियंकाचा मृतदेह सापडला.

सोमवारी, २ ऑक्टोबरला, दसरा होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तिचा हा सुवर्णमहोत्सव. दीक्षाभूमीवर लाखो लोक आले होते. खैरलांजी तिथून गाडीनं दोन-अडीच तासांवर. एक बौद्ध कुटुंब जवळजवळ संपवलं गेल्याला तीन दिवस झाले होते आणि दीक्षाभूमीवर जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या कानावर ते आलेलंच नव्हतं. एका इंग्रजी दैनिकाच्या रविवारच्या अंकात या हत्याकांडाचा सविस्तर वृत्तांत आला तो २९ ऑक्टोबरला. पूर्ण एक महिन्यानं.

मी नागपुरात पत्रकारिता शिकवते. वंश, जात आणि माध्यमांतलं प्रतिनिधित्व हा माझ्या अभ्यासाचा विषय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांविषयी तिथल्या वृत्तपत्रांनी काय छापलं, काय गाळलं, यावर तिकडे अनेक दशकं काम झालं आहे. ते वाचताना मी पुन्हा पुन्हा भंडारा रोडवर येऊन पोहोचते. त्या एका महिन्यात बातमी नेमकी कुठं कुठं अडली हे शोधण्याचा हा प्रयत्न. गुन्ह्याचा तपास न्यायालयात झाला. बातमीचा तपास आपण, म्हणजे पत्रकारितेच्या लोकांनी, पुरेसा केलेला नाही.

आधी काय घडलं होतं

भोतमांगे कुटुंबाकडे थोडी शेती होती. त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. गावात बौद्धांची घरं अगदी मोजकी, बाकी वस्ती मुख्यतः ओबीसी जातींची. ३ सप्टेंबरला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. हा पोलीस पाटील भोतमांगे कुटुंबाचा आधार होता. सुरेखा आणि प्रियंका यांनी मारहाण करणाऱ्यांना ओळखलं आणि तशी साक्ष दिली. आरोपींना अटक झाली. २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हत्याकांड झालं.

हा शेवटचा भाग लक्षात ठेवा. साक्षीदार बायका, जामीन आणि खून हे सगळं एका साखळीत आहे. साखळीतली पहिली कडी आंधळगाव पोलीस ठाण्याच्या दप्तरात लिहिलेली होती.

पहिली बातमी कोणाच्या तोंडून आली

सुरुवातीच्या दिवसांत जी हकिकत फिरली ती 'अनैतिक संबंधां'ची. सुरेखा आणि तो पोलीस पाटील यांच्याविषयी गावानं एक गोष्ट सांगितली. पोलिसांकडून तीच पुढे गेली आणि बातमीत तीच उतरली. मेलेल्या बाईला उलट सांगता येत नव्हतं. भैयालाल जिवंत होते, पण त्या गोष्टीत त्यांचा आवाज नव्हता.

वर्गात मी विद्यार्थ्यांना एक काम देते. ऑक्टोबरच्या सुरुवातीची एक रात्र आहे, तुम्ही नागपूरच्या वर्तमानपत्रात बातम्या निवडणाऱ्या डेस्कवर आहात आणि मोहाडीहून चार ओळींची बातमी आली आहे: एकाच कुटुंबातल्या चौघांचा खून, कारण अनैतिक संबंध, पोलीस तपास करीत आहेत. तुम्ही वार्ताहराला फोन करून काय विचाराल? मुलं हुशार असतात. किती आरोपी, हत्यार कोणतं, मृतदेह कुठं सापडले, अटक झाली का, हे ती पटापट विचारतात. हे सगळे प्रश्न पोलिसांनाच विचारायचे आहेत आणि उत्तरंही पोलीसच देणार आहेत. या लोकांची याआधी कुठं तक्रार होती का, कुठल्या केसमध्ये नावं होती का, हा प्रश्न क्वचित कोणी विचारतं. एवढा एक प्रश्न विचारला असता तर ३ सप्टेंबरची मारहाण, बायकांची साक्ष आणि खुनाच्याच दिवशीचा जामीन, सगळं समोर आलं असतं. त्यासाठी गावात जाण्याचीही गरज नव्हती.

एकदा एका मुलानं मला अडवलं. तो स्वतः एका तालुक्याच्या गावी बातम्या पाठवायचा. "मॅडम, पोलिसांवर इश्वास नाही ठेवायचा तं ठेवायचा कोनावर? रात्री नऊ वाजता मी खैरलांजीले जाऊ का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी तालुक्याच्या वार्ताहराचं काम कसं चालतं ते नीट पाहावं लागतं.

तालुक्याचा वार्ताहर

बाहेरच्या वाचकाला वाटतं की वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणजे पगारी माणूस. तालुक्याला असं क्वचित असतं. बहुतेक ठिकाणी तो मानधनावर असतो आणि मानधन पेट्रोललाही पुरत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन, दिवाळीच्या शुभेच्छा, कृषी केंद्राची जाहिरात, या सगळ्या जाहिराती त्याला आणाव्या लागतात. अनेकदा वर्तमानपत्राची एजन्सीही त्याच्याकडे किंवा त्याच्या भावाकडे असते. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांच्याकडूनच वर्षभर जाहिरात घ्यायची आणि त्यांच्याच चौकात सकाळी अंक विकायचा.

आता हा माणूस कोणाला दुखावू शकतो ते बघा. ठाणेदाराला दुखावलं तर रोजची क्राइमची बातमी बंद. सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, राईस मिलवाला दुखावला तर जाहिरात बंद. भंडारा हा धानाचा जिल्हा, राईस मिलवाल्याचं वजन तिथं काय असतं हे वेगळं सांगायला नको. गावाच्या कडेच्या घरातली एक बौद्ध बाई दुखावली गेली तर वार्ताहराचं काहीच बिघडत नाही. ती जाहिरात देत नाही, बहुधा तिच्या घरी त्याचा अंकही येत नाही आणि तिच्याकडे त्याचा फोन नंबर नसतो.

माझ्या मते सगळं प्रकरण इथं येऊन थांबतं. प्रतिनिधित्व म्हटलं की लोकांना वाटतं, हा न्यायाचा, सद्भावनेचा, फार तर आरक्षणाचा मुद्दा आहे. मी त्याकडे आधी माहितीचा मुद्दा म्हणून बघते. संकट आलं की माणूस ओळखीच्या माणसाला फोन करतो. वर्तमानपत्रात ज्याच्या ओळखीचं कोणी नाही, त्याची बातमी त्याच्या विरोधकाकडून येते. त्यात कोणी ठरवून खोटं लिहायची गरजच पडत नाही. वार्ताहर प्रामाणिक असला तरी त्याला फोन करणारे सगळे एकाच बाजूचे असले, तर त्याची बातमी एकाच बाजूची होते.

त्या मुलाला मी सांगितलं, की रात्री नऊ वाजता खैरलांजीला जाऊ नकोस. पण तुझ्या तालुक्यातल्या प्रत्येक बुद्धविहाराच्या, पारध्यांच्या बेड्यावरच्या, गोंडांच्या टोलीवरच्या एका तरी माणसाचा नंबर तुझ्याकडे पाहिजे आणि तुझा त्याच्याकडे. गुन्हा घडण्याच्या आधी. नंतर तो नंबर मिळवायला गेलास तर तोही मिळेल पोलिसांकडूनच.

आवृत्ती कुठं संपते

बातमी अडण्याचं दुसरं ठिकाण नागपूर शहरातच आहे आणि ते वाचकाला दिसत नाही. नव्वदच्या दशकापासून मराठी दैनिकांनी जिल्हावार पानं आणि जिल्हावार आवृत्त्या काढल्या. त्याचं मोठं श्रेय आहे. ज्या गावाचं नाव पूर्वी वर्षानुवर्षं छापून येत नसे, त्याची ग्रामसभा आता पानावर येऊ लागली. याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की भंडाऱ्याची बातमी भंडारा-गोंदियाच्या पानावर जाते आणि तिथंच राहते. तो अंक नागपुरात छापला जातो, रात्री गाडीनं भंडाऱ्याला जातो आणि नागपूरचा वाचक सकाळी नागपूरचं पान उघडतो. नागपुरातल्या इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीत राहणाऱ्या माणसाला मोहाडीत काय झालं ते कळायचं असेल तर डेस्कवर कोणीतरी म्हणावं लागतं, ही बातमी सगळ्या आवृत्त्यांना घ्या.

ते म्हणणारा माणूस रात्रपाळीचा उपसंपादक किंवा वृत्तसंपादक. त्याच्यासमोर शेकडो बातम्या आहेत. त्यातल्या 'चौघांचा खून, अनैतिक संबंध' या ओळीवर त्याची नजर थांबेल की पुढे जाईल, हे त्याच्या अनुभवावर ठरतं. आडनाव वाचून ज्याला लगेच कळतं की हे कुटुंब बौद्ध आहे, गावात अशी किती घरं असतील याचा ज्याला अंदाज येतो, चार जणांना एकटा-दुकटा माणूस मारू शकत नाही म्हणजे जमाव असणार हे ज्याच्या डोक्यात येतं, तो थांबतो. भोतमांगे हे आडनाव वाचून विदर्भातल्या कुठल्याही बौद्ध घरातल्या माणसानं विचारलं असतं, "कोणाचे?"

त्यात तो आठवडा दसऱ्याचा. दसऱ्याला मराठी वर्तमानपत्रांची पानं सोनं, गाड्या आणि घरांच्या जाहिरातींनी भरतात. नागपुरात त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. शहरातला प्रत्येक बातमीदार या दोन ठिकाणी लागलेला. दीक्षाभूमीवर विशेष पानं निघतात, गर्दीचे, पुस्तकांच्या स्टॉलचे, निळ्या झेंड्यांचे फोटो छापले जातात. मला त्या पानांचं मोल कमी करायचं नाही. परंतु ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी माणसं पाहण्याची सवय वर्तमानपत्राला लागली, की बाकीच्या दिवसांत ती दिसेनाशी होतात. १४ एप्रिल आणि दसरा या दोन तारखांच्या मधल्या काळात बौद्ध शेतकरी, बौद्ध डॉक्टर, बौद्ध दुकानदार आपल्या पानांवर किती येतो, हे कोणीही चार आठवड्यांचे अंक घेऊन स्वतः तपासावं.

पत्रकं आणि फोटो

मग बातमी पोहोचली कशी? कार्यकर्ते गावात गेले. सत्यशोधन गटांनी अहवाल लिहिले. पत्रकं निघाली, ई-मेल फिरले, मृतदेहांचे फोटो हातोहात वस्त्यांमध्ये गेले. माझी एक विद्यार्थिनी उत्तर नागपुरातली. ती त्या वेळी लहान होती. ती सांगते, "आमच्या घरी पेपरातून नाही कळलं मॅडम. बाबा विहारातून पत्रक घेऊन आले आणि त्या रात्री कोणी जेवलं नाही."

इथं अमेरिकेतला एक प्रसंग समोर ठेवणं भाग आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असताना त्याला गोऱ्या माणसांनी हाल करून मारलं आणि नदीत फेकलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला बघू द्या, अशी त्यांची भूमिका. तो फोटो छापला 'जेट' या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकानं आणि तो पाहून एक पिढी नागरी हक्कांच्या चळवळीकडे वळली. आरोपींना सर्व गोऱ्या ज्यूरीनं निर्दोष सोडलं.

दोन्ही प्रसंगांत मुख्य प्रवाहाच्या वर्तमानपत्रांनी जे केलं नाही ते समाजाच्या स्वतःच्या माध्यमांनी केलं. पण एक फरक आहे आणि माझ्या वर्गात त्यावर दर वर्षी वाद होतो. टिलचा फोटो आईच्या संमतीनं, तिच्या इच्छेनं बाहेर आला. खैरलांजीचे फोटो फिरले तेव्हा सुरेखा आणि प्रियंकाच्या वतीनं बोलायला त्यांच्या घरात फक्त भैयालाल उरले होते. उद्ध्वस्त झालेल्या अशा माणसाची संमती म्हणजे काय, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. काही मुली म्हणतात, ते फोटो नसते तर कोणी रस्त्यावर आलं नसतं. दुसऱ्या म्हणतात, आमच्या बायकांची प्रेतंच दाखवली तर तुम्ही विश्वास ठेवता, हा अपमान आहे. मी वर्गात ते फोटो दाखवत नाही. वर्णन पुरतं. पण त्या वेळी ज्यांनी ते वाटले त्यांना दोष देण्याचा अधिकार, ज्यांनी बातमीच छापली नाही त्यांना नाही, एवढं मी ठामपणे सांगते.

नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भंडाऱ्यात बायकांचा मोठा मोर्चा निघाला. पाठोपाठ नागपूर पेटलं. बंद, दगडफेक, लाठीमार. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असू शकतात, असं म्हटलं आणि काही दिवस मुख्य बातमी तीच झाली. नक्षलवादी आहेत की नाहीत यावर चर्चा रंगली. चौघांना का मारलं, पोलिसांनी साक्षीदारांना संरक्षण का दिलं नाही, हे प्रश्न मागे पडले.

नोव्हेंबरच्या अखेरीस कानपुरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. महाराष्ट्रात खैरलांजीमुळे आधीच धुमसणारा संताप उसळला आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. जळणाऱ्या गाडीची दृश्यं देशभरच्या वाहिन्यांवर त्याच दिवशी झळकली. देशातल्या पुष्कळ लोकांनी खैरलांजी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते या आगीचं कारण म्हणून.

या ठिकाणी मी विद्यार्थ्यांना कर्नर आयोगाचा अहवाल वाचायला देते. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क, डेट्रॉइट आणि इतर शहरांत दंगली झाल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा आयोग नेमला. दंगलींवर माध्यमांचा काय परिणाम झाला, हाही प्रश्न त्यांनी आयोगाला विचारला होता. १९६८ मध्ये अहवाल आला. त्यातलं माध्यमांवरचं प्रकरण आजही वाचण्यासारखं आहे. आयोग म्हणतो, दंगलीचं वार्तांकन वर्तमानपत्रांनी बऱ्यापैकी सांभाळून केलं, पण दंगलीच्या मुळाशी असलेली परिस्थिती, कृष्णवर्णीयांचं रोजचं जगणं, त्यांच्या तक्रारी वाचकापर्यंत पोहोचवण्यात ती कमी पडली. वर्तमानपत्रं गोऱ्या माणसाच्या डोळ्यांनी गोऱ्यांच्या जगातून बाहेर बघतात, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. आणि तिथंच एक साधं कारण नोंदवलं: वृत्तविभागांतल्या कामावर कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी, संपादक-पर्यवेक्षकांत १ टक्क्याहून कमी, आणि त्यातलेही बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच वर्तमानपत्रांत.

विदर्भाच्या २००६ ला हे शब्दशः लागू करू नये. वंश आणि जात एक नाहीत. अमेरिकेत रंग दिसतो, इथं आडनाव, गाव, वस्ती यांवरून माणूस ताडला जातो. शिवाय खैरलांजीतले मारणारे समाजाच्या शिखरावरचे नव्हते, ते शेतकरी जातींतले होते आणि अशा जातींतूनही मोठ्या वर्तमानपत्रांच्या संपादकपदांवर फार थोडे पोहोचले आहेत. 'सवर्ण विरुद्ध दलित' एवढंच सूत्र घेऊन गेलं तर खैरलांजी कळत नाही. पण उद्रेकाची बातमी एका दिवसात आणि उद्रेकाच्या कारणाची एका महिन्यात, हा जो क्रम आहे तो दोन्हीकडे सारखा आहे.

मोजणी

कर्नर अहवालानंतर दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या संपादकांच्या संघटनेनं ठरवलं की २००० सालापर्यंत वृत्तविभागांतलं अल्पसंख्याक वंशांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं करायचं. तेव्हा ते ४ टक्क्यांच्या आसपास होतं. २००० साली ते १२ टक्क्यांच्या जवळ पोहोचलं, म्हणजे उद्दिष्टाच्या निम्म्याहूनही मागे. उद्दिष्ट हुकलं, पण ते हुकलं हे कळलं, कारण दर वर्षी मोजणी होत होती.

आपल्याकडे मोजणीची सुरुवातही एका कृष्णवर्णीय पत्रकारामुळे झाली. १९९६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतले प्रतिनिधी केनेथ कूपर यांना एका बातमीसाठी दलित पत्रकाराशी बोलायचं होतं. त्यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांकडे नाव मागितलं. उनियाल यांना एकही नाव सुचेना. त्यांनी केंद्र सरकारच्या अधिस्वीकृतीधारक पत्रकारांची यादी काढली. यादीत ६८६ नावं. ४५४ जणांची आडनावं वरच्या जातींची म्हणून ओळखू येणारी. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी सहज निवडून फोन केले. त्यात एकही दलित नव्हता. हा अनुभव त्यांनी 'पायोनियर' या इंग्रजी दैनिकात लिहिला.

जून २००६ मध्ये, खैरलांजीच्या चारच महिने आधी, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. एकही जण अनुसूचित जाती किंवा जमातीचा निघाला नाही. ७१ टक्के जागा उच्चवर्णीय हिंदू पुरुषांकडे. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालानं नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. १०६ उच्चवर्णीयांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही.

हे आकडे दिल्लीचे आहेत. नागपूरचे असे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून मी नागपूरला ते चिकटवत नाही. नागपूरची परिस्थिती काही बाबतींत वेगळी आहे हेही मला दिसतं. या शहरात शिकलेला, लिहिता बौद्ध मध्यमवर्ग आहे, आमच्या वर्गात त्याची मुलं-मुली येतात, चांगल्या गुणांनी पास होतात आणि नोकरीलाही लागतात. मग काय होतं ते ती परत येऊन सांगतात. एकाला पहिल्या वर्षी दीक्षाभूमी दिली, दुसऱ्या वर्षी दीक्षाभूमी, तिसऱ्या वर्षीही तीच. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन मागितलं तर हसण्यावारी नेलं. एकीनं तिच्या वस्तीतल्या पाण्याच्या टँकरची बातमी दिली तर "तुझ्या समाजाचं दरवेळी आणतेस" असं ऐकवलं गेलं. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातला मुलगा धरमपेठेच्या खड्ड्यांवर लिहितो तेव्हा त्याला असं कोणी म्हणत नाही.

आपलं माध्यम

यावर एक उत्तर नेहमी येतं: आपली वर्तमानपत्रं आपण काढू. उत्तर जुनं आणि मोलाचं आहे. १६ मार्च १८२७ ला न्यूयॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' निघालं, अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं पहिलं वर्तमानपत्र. पहिल्याच अंकात त्यानं सांगितलं, की आजवर दुसरे आमच्या वतीनं बोलत आले, आता आमची बाजू आम्ही मांडू. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' याच गरजेतून जन्मला. त्यानंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. आज 'सम्राट', 'महानायक' ही दैनिकं आहेत, नागपुरातून आवाज इंडिया आणि लॉर्ड बुद्धा टीव्ही या वाहिन्या चालतात, आणि मोबाइलवर तर असंख्य मुलं बातमीदारी करतात. आज खैरलांजी घडलं तर व्हिडिओ तासाभरात इंदोऱ्यात पोहोचेल.

पण धरमपेठेत पोहोचेल का? हायकोर्टाच्या नागपूर बेंचच्या आवारात, विधान भवनात, जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर सकाळी जो अंक उघडला जातो त्यात येईल का? स्वतःच्या माध्यमानं समाजाला बातमी कळते. ज्यांच्या हाती कारवाई आहे त्यांना ती कळावी यासाठी मोठ्या दैनिकांची पानं अजूनही लागतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच एक वाट सांगत नाही. काहींनी इकडे जावं, काहींनी तिकडे, आणि दोघांनी एकमेकांचे फोन उचलावेत.

निकालाचं वार्तांकन

प्रकरण सीबीआयकडे गेलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या जलदगती न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या तुरुंगवासात बदलली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. खून सूडातून झाले, जातीय हेतू सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं की न्याय अपुरा मिळाला.

निकाल जसा आहे तसा छापायचा, यात वाद नाही. पण न्यायालय विचारतं की या आरोपींचा हा हेतू पुराव्यानं सिद्ध झाला का. पत्रकारानं विचारायचं की साक्ष दिल्याबद्दल संपूर्ण कुटुंबावर जमाव चालून जातो, गाव गप्प राहतं आणि पोलीस वेळेवर येत नाहीत, हे त्या गावातल्या दुसऱ्या कुठल्या कुटुंबाच्या वाट्याला आलं असतं का. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानं दुसरा प्रश्न निकालात निघत नाही. 'सूड' हे कारण पुरेसं मानून लेखणी खाली ठेवणं म्हणजे 'अनैतिक संबंध' लिहून खाली ठेवण्याचाच पुढचा प्रकार.

वर्गातला शेवटचा वाद

एका विद्यार्थ्यानं, जो दलित नाही, प्रामाणिकपणे विचारलं, "मग आम्ही यावर लिहायचंच नाही का?" लिहायचं. २९ ऑक्टोबरचा तो वृत्तांत लिहिणारी तरुण पत्रकार अमेरिकन होती, ना मराठी, ना बौद्ध. ती पोहोचली, लोकांशी बोलली आणि तिनं लिहिलं. मोहाडीत तिला कोणाची जाहिरात आणायची नव्हती, कोणाच्या लग्नाला जायचं नव्हतं. बाहेरच्या माणसाला जमतं हे त्यातून दिसतं, आणि आतल्या माणसाला ते किती महाग पडतं हेही दिसतं.

माझ्या मागण्या त्यामुळे अगदी व्यवहारातल्या आहेत. तालुका वार्ताहराला जाहिरातीपासून मोकळं करा आणि जगता येईल एवढा पगार द्या. जिल्ह्याच्या पानावरची प्रत्येक खुनाची बातमी मध्यवर्ती डेस्कवरच्या एका माणसानं तक्रारींच्या पूर्वेतिहासासह तपासावी. आणि मोजा. जात विचारणं हाच जातीयवाद, असं मला एका संपादकांनी ऐकवलं. जात न विचारताही मोजता येतं: बातमीत कोणाचं म्हणणं घेतलं, पोलिसांचं, सरपंचाचं, पुढाऱ्याचं, की ज्याच्यावर वेळ आली त्याचं. येत्या सत्रात आमची मुलं हेच करणार आहेत. चार दैनिकं, रोजची जिल्ह्याची पानं, प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीपुढे एकच नोंद: कोणी सांगितलं. सुरुवात भंडारा-गोंदियाच्या पानापासून.